आप्पांच्या मांडीतलं लोखंड

"मानेच्या मणक्यांत मज्जारज्जू दाबला गेलाय," असं म्हणत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, सर्व्हायकल मायलोपथी. सर्व्हायकल म्हणजे मानेचं आणि मायलोपथी म्हणजे मज्जारज्जूचं दुखणं. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणारी ही दोरी मानेतच आवळली गेली, की हुकूम खाली पोचत नाही. "ऑपरेशन लवकर झालं तर आहे ते टिकेल. उशीर केलात तर आधी हात जातील, मग पाय."

माझे आजोबा, म्हणजे आमचे आप्पा, शेजारच्या खुर्चीत ताठ बसले होते. त्रास किती दिवसांपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं.

"त्रास न्हाय साहेब."

त्रास होता, आणि चांगले सहा महिने होता. मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. सकाळी घाईनं निघताना आप्पा सदऱ्याची बटणं न लावता बसलेले दिसायचे. विचारलं की म्हणायचे, उकडतंय. सोलापुरात हे कारण बाराही महिने चालतं, म्हणून मीही ऐकून घेतलं. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांना मुद्दाम सांगते: बटणं लागत नाहीत, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं दिसलं तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

आप्पा मूळचे करमाळ्याकडचे. अठराव्या वर्षी फौजेत गेले, एकाहत्तरची लढाई लढले. फौजेतली नोकरी संपल्यावर सोलापुरात आले आणि पुढची पंचवीस वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत त्यांनी माग चालवला. माजी सैनिक म्हणजे मिशीला पीळ देऊन बसलेला माणूस, असं लोकांना वाटतं. आप्पा सायकलला डबा अडकवून कामाला जायचे आणि तुटलेला धागा शोधत दिवसभर मान खाली घालून उभे राहायचे. डॉक्टर म्हणाले, मणके झिजायला तेही एक कारण असेल.

ऑपरेशनच्या आधी एमआरआय करायचा होता. एमआरआय म्हणजे मोठ्या चुंबकाच्या बोगद्यात झोपवून शरीराच्या आतले फोटो काढणं. आत जाण्यापूर्वी एक फॉर्म भरून घेतात. पेसमेकर आहे का, शरीरात धातू आहे का, असे प्रश्न असतात. मी आप्पांना एकही प्रश्न न विचारता सगळीकडे 'नाही' लिहून मोकळी झाले. घरच्या माणसाचं आपल्याला सगळं ठाऊक असतं, हा माझा तोरा. त्यांच्या उजव्या मांडीवरचा खड्डाही मला ठाऊक होता. लहानपणी बैलानं शिंग मारलं होतं.

तिथल्या टेक्निशियन बाईंनी माजी सैनिकाचं कार्ड पाहिलं आणि फॉर्म बाजूला ठेवून त्यांनाच विचारलं, "आजोबा, कधी गोळी-बिळी लागली होती का?"

"न्हाय."

बाईंनी धातू शोधायचं यंत्र त्यांच्या अंगावरून फिरवलं. मांडीवर ते वाजलं. परत फिरवलं, परत वाजलं.

"बैलानं लई जोरात मारलं असंल," आप्पा म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. आतलं लोखंड चुंबकानं ओढलं गेलं तर ते सरकून रक्तवाहिनी कापू शकतं, असं त्यांनी मला समजावलं आणि तपासणी थांबवली. एक्स-रे काढला, तर मांडीच्या मोठ्या रक्तवाहिनीजवळ हरभऱ्याएवढा तुकडा दिसला. त्या बाईंनी माझ्या फॉर्मवर विश्वास ठेवला असता, तर आप्पा हा तुकडा घेऊनच त्या बोगद्यात गेले असते.

बाहेर बाकावर बसल्यावर मी आप्पांवर चिडले. दवाखान्यात येऊन दुखणं लपवायचं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार.

"तोफगोळा फुटला तवा किरच घुसली," आप्पा म्हणाले. "पट्टी बांधणाऱ्याला म्हनलं, रजिस्टरात लिवू नगंस. लिवलं की कॅटेगरी खाली येती, मग घरी धाडत्यात." कॅटेगरी म्हणजे फौजेतला तब्येतीचा दर्जा. "घरी आई आन दोन भनी. कमवनारा मी एकटाच. मग बैलाचं सांगितलं. एकदा सांगितलं की दरवर्षी तपासणीला तेच सांगावं लागतंय की."

"पण आता कशाला लपवायचं?"

"आता कळलं तर म्हनतील, म्हातारा लबाड हाय."

आप्पा घाबरलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. माझा राग तिथेच संपला. त्यांना न विचारता फॉर्म भरल्याची लाज मात्र वाटली.

मग डॉक्टरांनी एमआरआयऐवजी सीटी मायलोग्राम करायचं ठरवलं. यात पाठीत सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात औषध सोडतात आणि सीटी स्कॅन काढतात. या सगळ्यात आठ दिवस गेले. रोज सकाळी मी आप्पांच्या हातात पाण्याचा पेला देऊन बघायची. उजव्या हातातून तो आधीपासूनच निसटायचा; सहाव्या दिवशी डाव्या हातातूनही निसटला. आप्पांनी पायानं पाणी पुसायचा प्रयत्न केला. त्यांचा पाय नीट वळत नव्हता.

ऑपरेशनचं नाव लॅमिनेक्टमी, म्हणजे मणक्याची मागची कमान काढून आतल्या दोरीला जागा करून देणं. चार तास लागले. माझे वडील कारखान्यातली पाळी संपवून तसेच आले होते, केसांत कापसाची तूस घेऊन. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "दाब मोकळा झालाय. पण गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. कुठं काय कमी आहे ते त्यांनीच आम्हाला खरं सांगायला हवं."

चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"छान आहेत," वडील सवयीनं म्हणून गेले. माझ्याही ओठांवर तसंच काहीतरी आलं होतं, ते गिळलं. घरच्यांनी बोलायचं आणि आप्पांनी मान डोलवायची, ही आमच्या घरची रीतच होती.

आप्पांनी उजवा हात चादरीवर पुढे ठेवला.

"ही दोन बोटं अजून बधिर हायत. चालताना डावा पाय कुटं पडतो ते कळत न्हाय. आन मांडी ठनकती, लढाईपासनं." मग जरा थांबून म्हणाले, "लिवून घ्या साहेब."

डॉक्टरांनी पेन काढलं. त्यांचं लिहून होईपर्यंत आप्पा कागदाकडे बघत राहिले.