कठड्यावरचं शून्य

घरात नुकताच आणलेला काथ्याचा कोरा दोर मी बीजगणिताने कापला आणि पोहरा पाण्याच्या सहा हात वर लोंबकळत ठेवला. आता सांगताना हे विद्वत्तेचं वाटतं. विहिरीवर जमलेल्यांना तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

आम्ही कोपरीला राहत होतो. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती, नळ मात्र आमच्या आळीत अजून यायचा होता. मी आठवी पास झाले होते. पुढे मुलींना बीजगणित सोडून सोपं अंकगणित घेता येई, आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कल सोप्याकडे होता. "तुला ते वजाचे आकडे कुठे लागणार आहेत?" असं ते रोज जेवताना विचारत. सोमवारी शाळेत विषय सांगायचा होता आणि मला बीजगणितच हवं होतं. ऋण संख्या नुकत्याच कळल्या होत्या ना! नव्या परकरासारखी मी त्या मिरवत हिंडत होते.

त्यात शनिवारी जुना दोर तुटून पोहऱ्यासकट विहिरीत गेला. अण्णांनी दोन्ही नवं आणलं. आत्या नेहमीसारखी सुतळीला दगड बांधून खोली मोजायला निघाली, तर मी म्हटलं, "आत्या, राहू दे सुतळी. मी बसल्या जागी सांगते."

"सांग बाई. तेवढेच माझे हात वाचतील."

कठड्यावर मी खडूने शून्य काढलं. वर अधिक, खाली वजा. कप्पी कठड्याच्या वर तीन हात. खाली पाण्यापर्यंत दगडाचे बारा थर दिसत होते, एकेक थर हातभर. म्हणजे पाणी वजा बारावर. तीन आणि वजा बारा मिळून वजा नऊ. वजा म्हणजे खाली. तेव्हा कप्पीपासून नऊ हातांवर पाणी! ओढायला आणि गाठींना पाच हात जास्तीचे धरले, चौदा हात मोजले आणि कोयता चालवला.

पाणी कठड्यापासूनच बारा हात खाली, तर वरच्या कप्पीपासून नऊ कसं असेल? शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. मला दिसलं नाही, कारण मी विहिरीकडे बघतच नव्हते.

पोहरा खाली गेला, थांबला आणि झुलायला लागला. शेजारच्या काकूंनी वाकून पाहिलं.

"पाण्यालाच जरा वर बोलाव गं," त्या मला म्हणाल्या.

"वजा पोहरा आहे तो, वहिनी," आत्या म्हणाली. "रिकामाच भरून येतो."

अण्णा हसले नाहीत, तेच वाईट होतं. "मग सोमवारी काय सांगायचं ते ठरलं," एवढंच म्हणाले.

शून्यापाशी उकिडवी बसून मी सगळं पुन्हा मांडलं, पुसलं, पुन्हा मांडलं. मग उठले.

"अण्णा, नऊच्या जागी पंधरा हवे होते. मी बेरीज केली. त्यातून कप्पीवरून बारा हात उतरल्यावर आपण कुठे पोचतो ते कळतं, कठड्याच्या खाली नऊ हातांवर. आपल्याला हवं होतं अंतर. तीनमधून वजा बारा वजा करायचे. कप्पी ते शून्य तीन, शून्य ते पाणी बारा."

अण्णांनी सुतळी मागितली. दगड कप्पीवरून सोडला, वर घेतला आणि कप्पीपर्यंतची कोरडी राहिलेली सुतळी हाताने मोजली. पंधरा. दोराचे दोन तुकडे त्यांनीच गाठले. ती गाठ कप्पीत अडकली, त्यांनी अंगठ्याने ती सोडवली आणि भरलेला पोहरा माझ्यापुढे ठेवला.

"घे तुझं बीजगणित," ते म्हणाले. "आपली चूक नेमकी कुठे झाली ते सांगणारं माणूस आमच्या हापिसात एकही नाही."