प्रभुभोजनाची भाकरी
माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं, चौथीपर्यंतच शिकले. कुणी वाचलंच तर माफ करावं. आज तव्यावर ज्वारीची भाकरी करपली आणि त्या वासाने आकुर्डीचं आमचं पत्र्याचं ख्रिस्ती देऊळ आठवलं. पिंपरीला तेव्हा औषधाचा कारखाना नुकताच उभा राहत होता. प्रभूच्या आठवणीत भाकर मोडून सगळ्यांनी खायची, ते प्रभुभोजन; आमच्याकडे त्याला पाव नसे. माझ्या सासूबाई घरून भाकरी करून नेत आणि उपासना चालवणारे पाळकसाहेब तीच मोडून सगळ्यांना देत. एकदा पुण्याहून एक प्राध्यापक आले. गावोगावची ख्रिस्ती उपासना कशी चालते, याचा ते अभ्यास करत होते. त्यांनी विचारलं, "आजी, या भाकरीत मीठ घालता?" "मग, प्रभूला अळणी वाढू व्हय?" सासूबाई म्हणाल्या. ते हसले आणि भराभर लिहू लागले. पाळकसाहेबांचा चेहरा मात्र उतरला. "आमची मंडळी अडाणी, असं छापणार का तुम्ही? पुढच्या वेळेपासून पाव येईल." प्राध्यापक हात जोडून म्हणाले, "अहो, हेच तर मोलाचं आहे, बंद नका करू." पाळकसाहेबांनी ऐकलं नाही, पाव मागवलाच. पुढच्या प्रभुभोजनाला सासूबाईंनी तरीही पहाटे उठून भाकरी केली, फडक्यात बांधून नेली, आणि उपासना संपेपर्यंत ती त्यांच्या मांडीवरच राहिली. मी शेजारीच बसले होते. दुपारी घरात सगळ्यांनी ती कालवणाबरोबर खाल्ली, फक्त सासूबाईंनी नाही. मीही खाल्ली. प्रभूसाठी केलेली ती भाकरी आम्ही खायला हवी होती की नको, हे मला अजून कळलेलं नाही.