एका दिव्यावरचं वीजघर

घुम्या जन्मापासून घुम्या नव्हता. घरी बायकोवर तो भरपूर तोंड टाकायचा. पण कारखान्याच्या वीजघरात त्याचा धाकटा साडू कामाला लागला आणि याच्या तोंडाला कुलूप बसलं. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्यात हेडमिस्त्रीची जागा रिकामी झाली आणि ती दोघांनाही हवी होती.

काम मात्र दोघांशिवाय होत नसे. दोन जनरेटर जोडायचे तर आधी त्यांची लय जुळावी लागते. घुम्या चाक फिरवून एकाची गती सांभाळायचा, साडू खटक्यापाशी उभा राहायचा. दोन्ही यंत्रांमध्ये जोडलेला समोरचा दिवा उजळायचा, मंदावायचा. लय जुळत आली की त्याची उघडझाप रेंगाळायची. पूर्ण विझला की खटका ओढायचा. एकदा जोडली की यंत्रं एकमेकांना ओढून धरतात, कितीही आदळआपट केली तरी सोडत नाहीत. माणसांचं तसं नाही.

असे दिवे खरं तर दोन हवेत. दुसरा केव्हाच गेला होता. तो बदलायचा तर एकाने शिडी धरायला हवी, म्हणजे दुसऱ्याने तसं सांगायला हवं. सांगणार कोण?

साहेब निवड करायला आले त्या सकाळी दिवा दोनदा उजळला, मंदावला आणि गेला. साडूला वाटलं, जुळलं. घुम्याच्या कानावर मात्र यंत्रांची घरघर अजून चढत-उतरत येत होती. बल्बच उडाला होता. 'थांबा' एवढंच म्हणायचं होतं. पण त्याच्या मनात आलं, ओढू दे, साहेबांसमोर तोंडावर पडू दे. गडी मूग गिळून गप्प बसला. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारा मूर्ख तो हाच.

साडूने खटका ओढला. वीजघर हादरलं. जोडणीचे बोल्ट तुटले आणि त्यातला एक चाकापाशी उभ्या घुम्याच्या गुडघ्यात शिरला.

त्याला पाठीवर टाकून दवाखान्यात नेलं ते साडूनेच. पाय कापावा लागला. हेडमिस्त्री बाहेरून आला.

घुम्या शुद्धीवर आल्यावर साडू खाटेजवळ आला.

"आवाज ऐकू येत होता ना तुम्हाला?"

"हो."

"मग?"

घुम्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाहेर बाकावर दोघी बहिणी हातात हात घालून बसल्या होत्या. साडूने आपल्या बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. तिने हात सोडवून घेतला आणि ती नवऱ्यामागून निघून गेली. त्या दिवसापासून त्या दोघीही बोलत नाहीत.