मधला माइक

साउंड मिक्सरवरची जुनी कागदी टेप खरवडताना डिंकाचा आंबूस वास आला आणि इंदुरातल्या ‘जुनी इंदूर’ भागातल्या हॉलमधला बायकांच्या भजनी मंडळाचा तो कार्यक्रम आठवला. दुपारी तासभर घालवून मी पाचही बायकांचे आवाज एकेक करून लावले होते. मुख्य गायिकेचा आवाज नाजूक, म्हणून मधल्या माइकची लेव्हल चांगली वर आणि बेस कमी; बाकीच्यांचे माइक दबलेले. प्रत्येक बटणाखाली टेप चिकटवून नाव लिहिलं. संध्याकाळी पडदा उघडला तर मधल्या माइकसमोर मंडळातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, आणि गायिका पार कोपऱ्यात. मावशींचा खणखणीत, बेसूर आवाज हॉलभर घुमला. गायिकेचे नुसते ओठ हलताना दिसत होते. कोपऱ्यातला माइक वाढवला की तो शिट्टी मारायचा. मी मागून जागा बदला म्हणून हातवारे केले. मावशींनी हसून मान डोलावली आणि त्या आणखी जोरात गायल्या. मध्यंतरात चिडूनच गायिकेला विचारलं, “ताई, जागा का बदलली?” ती शांतपणे, इंदुरी ढंगात म्हणाली, “अरे भिया, बड्यांच्या समोर चांगला माइक आम्ही कसा घेणार?” आता कुठेही गेलो तरी बटणाला हात लावण्याआधी मी एकच विचारतो, तुमच्यात मोठं कोण?