दंडावरची काळी फीत

मुलांनो, सरकारने महागाई भत्ता गोठवला तेव्हा मी नगरच्या एका कचेरीत कारकून होते. निषेध म्हणून आम्ही दंडाला काळी फीत बांधून कामावर जात असू.

वाटेवर तोफखाना भागातला एक हातमाग कारखाना सूत मिळेना म्हणून बंद होता. तिथे सुताच्या कांड्या भरणारी एक बाई रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून दारापाशी उभी राही. सूत आलं की मालकाने आधी आपल्याला आत घ्यावं, एवढीच तिची आशा.

एकदा माझी फीत तिच्यासमोरच सुटली. गाठ मारायला तिने तुटलं सूत जोडायच्या सवयीने बोटं जिभेला लावली, मग ओशाळून पदराला पुसली.

“पगार कापला व्हय, बाई?”

“कापला नाही, मावशी. महागाई वाढली तरी वाढवत नाहीत.”

“मंग घट्ट बांधते. मी बी बांधली असती, पर मालकाला दिसायला आदी त्यानं कामावर घ्याया पायजे ना!” आणि ती खळखळून हसली.

आमची मागणी रास्तच होती. आजही मी तसंच म्हणेन. पुढे भत्ता मिळाला, मागच्या बाकीसकट. तिला सांगावंसं फार वाटलं. पण तोवर कारखान्यातले माग मोडीत निघाले होते आणि दारात कोणी उभं नव्हतं.