बेसिल मिस्त्रीची तीन बोटं

मरोळ गावठाणातल्या बेसिल मिस्त्रीला देवानं तोंड दिलं ते दुसऱ्याच्या कामातल्या खोडी काढायला, असं साकीनाक्याच्या गॅरेजात सगळे म्हणायचे. दुसऱ्यानं बसवलेला बंपर त्याला जन्मात कधी सरळ दिसला नाही. बोल्ट आधी सगळे सैल ठेवायचे, लांब जाऊन दोन्ही बाजूंनी बघायचं, मगच थोडे थोडे आवळायचे. दाराचं रबर चिकटवायला सोल्युशन हातात घेण्याआधी हात साबणानं धुवायचे, पुसायचे, पुन्हा धुवायचे. हे त्यानं निदान पन्नास जणांना शिकवलं आणि पन्नास जणांच्या शिव्या खाल्ल्या. पण जुनी गाडी नव्यासारखी करायची तर बेसिलच पाहिजे, हे शिव्या देणारेही कबूल करत.

छप्पन साली जॅक निसटला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं चाकाखाली आली. बोटं राहिली, पण वाकेनात. वर्षभर तो गॅरेजच्या दारात स्टूल टाकून बसायचा आणि बसल्या जागेवरून इतरांच्या खोडी काढायचा. शेवटी गॅरेजचे मालक चंद्रप्रकाशशेठ कंटाळले. पण शेठ मनानं वाईट नव्हते. विलेपार्ल्याच्या एका वकिलांची वीस वर्षांची गाडी नवी करायला आली होती. रंग झाला होता. बंपर, दिवे, काचा आणि रबरं बसवायची राहिली होती. ते सगळं बेसिलनं एकट्यानं करावं, शनिवारी चार वाजता वकील येतील, असं शेठनी सांगितलं. जमलं तर मिस्त्री पुन्हा मिस्त्री. नाही जमलं तर पुन्हा विचारायला येऊ नये.

नाही जमलं तर काय, ते बेसिलला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बायकोचा, एमिलियाचा, भाऊ बर्नार्ड गोराईला होता. वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकायला माणूस पाहिजे, बेसिलनं यावं, असा त्याचा निरोप होता. निरोप चांगल्या मनानं धाडलेला. तो ऐकून बेसिल दोन दिवस धड जेवला नव्हता.

वर्षभर रोज सकाळी एमिलिया खोबरेल कोमट करून त्याचा हात चोळत होती. चोळला की तासदोनतास बोटं हलायची, मग पुन्हा आखडायची. त्या आठवड्यात तिनं दुपारीही चोळायला घेतलं. डबा आणि तेलाची बाटली घेऊन ती मरोळहून चालत यायची, आणि शेठच्या माणसांदेखत बायकोनं हात चोळायचा याची बेसिलला लाज वाटायची. पण नको म्हणायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती.

काम मात्र होत गेलं. बंपर त्यानं लाकडी खोक्यांवर टेकवला आणि नट डाव्या हातानं फिरवले. शेडचं दार लावून भिंतीवर खडूच्या खुणा केल्या आणि दोन्ही दिव्यांचा झोत बरोबर त्यांवर आणला. पुढची काच बाहेरून पट्ट्यानं आवळली. काचेच्या रबराची कड पत्र्यावर ओढून घेणारी सुतळी बोटांत टिकेना, तेव्हा ती दातांत धरून ओढली. हिरड्यांतून रक्त आलं, पण काच बसली. शुक्रवारी संध्याकाळी गाडीभोवती फिरताना त्याला एकही खोड सापडली नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

शनिवारी फक्त दारांची रबरं राहिली होती. डिसेंबरची थंडी होती, दुपारपर्यंत हात लाकडासारखा झाला. एमिलियानं पायरीवर बसून तासभर चोळला. अडीच वाजले तेव्हा बोटं एकदाची उघडली.

आता हात साबणानं धुवायला हवा होता. पण नळाचं पाणी गार होतं, आणि बोटं पुन्हा आखडली असती तर चारपर्यंत सुटली नसती. बेसिलनं हात फडक्याला पुसला, मग पँटला पुसला, मग सदऱ्याला पुसला. एवढं पुष्कळ झालं, असं तो स्वतःशी म्हणाला. दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर त्यानं त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं.

चार वाजता वकील आले. शेठनी रिवाजाप्रमाणे दारं लावून गाडीवर आठ बादल्या पाणी ओतायला लावलं. दार उघडलं तर खालचं रबर सुटून लोंबत होतं आणि नव्या सीटवर पाणी साचलं होतं. दुसऱ्या दाराचंही तेच. जिथं डाव्या हातानं दाबलं होतं तिथं रबर पक्कं होतं. जिथं उजव्या हाताची तीन बोटं लागली होती, तिथं सुटलेल्या रबराची पाठ तेलानं चकचकत होती. बेसिलला एका नजरेत कळलं.

वकील बाहेर जाऊन उभे राहिले. शेठ ओरडले नाहीत.

"हात नाही चालला ना, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

हात चालला होता. वर्षात पहिल्यांदा चांगला चालला होता. तेल लागलं शेठ, सोमवारपर्यंत मुदत द्या, एवढंच म्हणायचं होतं. शेठनी कदाचित ऐकलंही असतं. जन्मभर ज्यानं प्रत्येकाची चूक चारचौघांत दाखवली, त्याच्या तोंडाशी ते शब्द आले. समोर बादलीजवळ एमिलिया उभी होती. बाटली तिनं पदराखाली धरली होती आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होती.

"नाही चालला, शेठ," बेसिल म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दोघं गोराईला गेली. बेसिल रेतीवर काठी घेऊन बसू लागला. तिसऱ्या दिवशी एमिलिया वाटीत तेल कोमट करून त्याच्याजवळ येऊन बसली.

"दे हात," ती म्हणाली. "आता दिवसातून तीनदा चोळते. मीच कमी पडले रे तेव्हा."

बेसिलनं काठी खाली ठेवली आणि हात पुढं केला.