सीटची उंची

गाडी बायकोच्या नावावर घेतली. ती शिकवते ती शाळा अग्रहारातल्या आमच्या घरापासून लांब, ऑटो वेळेवर मिळायची मारामार, आणि तिला सायकलपलीकडे काही चालवता येत नव्हतं. म्हणून बिनगिअरची. शोरूममध्ये मात्र तोंड माझंच चालू होतं. मायलेज किती, सीटखाली हेल्मेट मावतं का, पेट्रोल भरायला सीट उघडावी लागते का. मुलीसाठी स्थळ बघावं तसं मी ते माहितीपत्रक वाचत होतो.

मग ती गाडीवर बसली. जमिनीला फक्त चवडे टेकले. शेजारी एक बुटकी, हलकी गाडी उभी होती, तिच्याकडे तिनं पाहिलं. ‘तिची डिकी लहान आहे,’ मी म्हणालो. ‘उंचीची होते सवय.’

सवय झाली ती मला. सुरुवातीला मैदानावर शिकताना गाडी थांबवली की तिचा तोल जायचा. एकदा गाडी पायावर आली आणि शिकणं ‘परीक्षा झाल्यावर’वर गेलं. तोवर गाडी नुसती उभी कशाला ठेवायची म्हणून मी ऑफिसला नेऊ लागलो. मागचं शॉकअप माझ्या वजनाला कडक करून घेतलं. त्या मोठ्या डिकीत माझा रेनकोट, माझा डबा. परीक्षा कधीच झाल्या होत्या. मी विषय काढला नाही, आणि काढत नाही हे मला पक्कं माहीत होतं.

यंदा खंडेनवमीला तिनंच गाडी धुतली, हळदकुंकू लावलं, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी किल्ली घेऊन पुढे झालो, तर आई म्हणाली, ‘गाडी तिच्या नावावरची नव्हं? मग तिलाच लिंबावरनं घालू दे की.’

ती बसली. आरसे आपल्याकडे वळवून घेतले. बटण दाबलं, गाडी चालू होईना. पुन्हा दाबलं. साइड स्टँड खाली असला की इंजिन चालूच होत नाही. या सोयीचं कौतुक मी ऑफिसभर केलं होतं, तिला सांगायचं राहिलं होतं. स्वतःच्या गाडीवर ती परक्यासारखी बसून माझ्याकडे बघत होती. मी वाकून स्टँड वर केला. मान वर करायची लाज वाटली.

लिंबं चिरडून ती कोपऱ्यापर्यंत गेली, चवड्यांवर तोल सावरत गाडी वळवून आली. चेहरा फुलला होता.

‘सुट्टीनंतर तूच ने,’ मी म्हणालो. खरं सांगायचं तर जरा हळूच म्हणालो.

‘इरली,’ ती कानडीत म्हणाली, राहू दे. ‘तुम्हाला सकाळी घाई असते.’ आणि उतरल्यावर दोन्ही आरसे अंदाजानं माझ्या उंचीला लावून ठेवले.

सुट्टी संपल्यावर सकाळी ती ऑटोसाठी लवकर निघून गेली. मी गाडी काढली. आरसे बरोबर बसले होते, हात लावावा लागला नाही, आणि मला बरं वाटलं.